कावेरीचा बाप

जुन्या जालन्यात बालकिशन शेठच्या कापड दुकानाच्या ओट्यावर केशव बगाडेचं शिलाई मशीन होतं. दिवसभर तो तिथं सदरे, बंड्या आणि पोरींचे परकर शिवत बसायचा. येणारी-जाणारी माणसं त्याला हाक मारायची, "काय राणीसाहेब, बरं हाय ना?"

हाक मारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसायचं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि पुढच्याच वर्षी गावातल्या नाटकवेड्यांनी जमवाजमव करून मंडळ काढलं आणि पहिलं नाटक उभं केलं. त्यात केशव राणी झाला होता. हिरवं लुगडं, नाकात नथ, डोक्यावर टोप घालून तो बाहेर आला तेव्हा सगळं गाव गप्प झालं होतं. राणीचं पोर दगावतं त्या प्रवेशाला तर बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू आले. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक नाटकात बाईचं काम म्हटलं की केशव, हे ठरून गेलं. लुगडी तोच निवडायचा, चोळ्या तोच शिवायचा, आणि सजून उभाही तोच राहायचा.

मंडळाची जागा म्हणजे अमरचंद शेठचं सरकीचं जुनं गोदाम. जिनिंगचा कारभार स्टेशनच्या बाजूला गेल्यावर ते रिकामं पडलं होतं. शेठ म्हणाले, "पडून राहण्यापरीस गाणंबजावणं होऊ द्या. पण जागा साफ तुम्ही करायची." मंडळींनी फळ्या ठोकून रंगमंच केला. केशवनं मांजरपाटाचे तागे जोडून, जांभळ्या रंगात बुडवून पडदा शिवला. जमिनीवर बसायला सतरंज्या ज्यानं-त्यानं घरून आणायच्या. कोपऱ्यांतून सरकीचा वास काही गेला नाही, पण बाहेर पाटी लागली, 'नवरंग कलागृह'. पाटी पाहून केशवला आपलंच काहीतरी झाल्यासारखं वाटलं होतं.

सत्तावन्न सालच्या गणपतीत मात्र एक गोष्ट घडली. केशव नायिका होऊन उभा होता. वय चाळिशीच्या पलीकडे गेलेलं, गालांवर पावडरीचे दोन थर. पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर बसलेली एक चिमुरडी मोठ्यानं म्हणाली, "आई, ही आजी लग्न कामून करून राह्यली?"

सगळे हसले. केशवही मनात हसला, भाषण पुरं केलं, टाळ्याही घेतल्या. पण रंगपटात जाऊन टोप उतरवताना त्यानं आरशात नीट पाहिलं. ती पोर खोटं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो जगन्नाथ मास्तरांच्या घरी गेला. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, आणि मंडळाची नाटकं बसवायचे. दिवाळीनंतरच्या कार्यक्रमासाठी त्यांनी स्वतःच नवं नाटक लिहिलं होतं, 'कावेरीचं घर'. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली कावेरी न्यायला आलेल्या बापालाही नाही म्हणते आणि गावात राहून शाळा चालवते, अशी त्याची गोष्ट.

"मास्तर, कावेरी मी न्हाई करणार," केशव म्हणाला.

मास्तरांच्या हातातला पेला तसाच राहिला. "तुझ्यासाठी लिहिलंय रे ते! मंग कोण करणार?"

"बाईचं काम बाईनं करावं. मुंबई-पुण्यात करून राह्यलेत न्हाई का?"

"मुंबई-पुण्यात! हितं कुठून आणू बाई?"

ते केशवलाही माहीत नव्हतं. पण पंधरवडाही गेला नाही, आणि मुलींच्या शाळेत स्नेहसंमेलनाचे परकर पोचवायला गेला असताना त्याला एका वर्गातून सिंहाची डरकाळी ऐकू आली. मागोमाग सशाचा बारीक आवाज. मग म्हाताऱ्या कोल्ह्याचा. तो खिडकीशी थबकला. आत नव्यानंच लागलेल्या शैलाबाई पोरींना गोष्ट सांगत होत्या. वीस-बावीस वर्षांच्या, अंगानं किरकोळ. पण कोल्ह्याचं बोलताना त्यांची मान अशी काही वळली की केशवला खरोखरच कोल्हा दिसला. परकरांचं गाठोडं शिपायाच्या हातात कोंबून तो तडक मास्तरांच्या शाळेकडं पळत सुटला. धोतराचा सोगा हातात, टोपी तिरपी. बालकिशन शेठ दुकानातून ओरडले, "अरे केशव, आग लागली क्या?"

"लागली, शेठ, लागली!" म्हणत तो पुढं गेला.

शैलाबाईंना विचारलं तेव्हा त्या जराही लाजल्या नाहीत. डोळे चमकले, एवढंच. "मला आवडेल," त्या म्हणाल्या. "कॉलेजात असताना फार वाटायचं. पण बाबांना विचारावं लागेल. ते नाही म्हणाले तर मी नाही करणार."

बाबा, म्हणजे रंगनाथराव, अंबडच्या कोर्टात कारकून होते. रविवारी मास्तर आणि केशव बसनं अंबडला गेले. वाटेत मास्तर काय-काय बोलायचं त्याची उजळणी करत होते, आणि केशव टोपी काढून पुन्हा घालत होता. स्वतःच्या नाटकाआधीही तो कधी एवढा घाबरला नव्हता.

रंगनाथरावांनी बसायला पाट दिले, पाणी दिलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून धोतराला पुसत म्हणाले, "मास्तर, तुम्ही भले माणूस आहात. पण पोरीचं लग्न व्हायचंय. लोकं काय बोलतील ते मला सांगायची गरज नाही."

मास्तर काही बोलणार तोच केशवच्या तोंडून निघालं, "साहेब, लोकं मलाबी बोलत व्हते. आता न्हाई बोलत."

रंगनाथरावांनी त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी शिंपी, केशव बगाडे. बाईची कामं करतो. म्हणजे... करत व्हतो."

"त्या पहिल्या नाटकातली राणी?"

"मीच व्हतो, जी."

रंगनाथराव आतल्या दाराकडं वळले. "अहो, ऐकलंत का? ती राणी आलीय आपल्या घरी!" दारातून त्यांच्या बायकोचा चेहरा डोकावला, केशवच्या नुकत्याच राखलेल्या मिशांवर स्थिरावला, आणि पदरात हसू लपवत आत गेला. "आम्ही तेव्हा जालन्याला होतो," रंगनाथराव म्हणाले. "घरी येऊन ही दोन दिवस जेवली नव्हती नीट. मला वाटलं होतं, ती राणी कुणी खरीच बाई असणार. नंतर कळलं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही शैलाला शिकवणार?"

"जेवढं मला येतं तेवढं समदं."

"आणि रंगमंचावर तिच्यासोबत कोण असणार?"

मास्तर म्हणाले, "नाटकात कावेरीच्या बापाचं काम सगळ्यांत मोठं आहे. त्याला अजून माणूस ठरायचाय."

"ठरला मग," रंगनाथराव म्हणाले. "हे तिचे बाप होणार असतील तर मी पोरीला पाठवतो. दुसरं कुणी असेल तर नाही. आणि मी पहिल्या रांगेत बसणार."

मास्तरांनी आनंदानं हात जोडले. केशवनंही जोडले. पण बसमध्ये बसल्यावर त्याचा चेहरा उतरला. "मास्तर, मी पुरुषाचं काम कधी केलंच न्हाई ना!"

"अरे, पुरुषच आहेस की तू!"

"घरी हाय. स्टेजवर न्हाई."

तालमीला ते सगळ्यांना कळलं. कावेरीच्या सासरी बाप पहिल्यांदा येतो तो प्रवेश होता. केशव विंगेतून निघाला, दोन पावलं टाकली आणि त्याचा डावा हात आपोआप खांद्याकडं गेला, नसलेला पदर सावरायला. बाकावर बसताना गुडघे एकमेकांना चिकटले. "पोरी" म्हणायला तोंड उघडलं तर आवाज निघाला राणीचा. मंडळी पोट धरून हसली. पेटीवाला रामकिसन तर पेटीवर डोकं टेकून हसला. केशव मधोमध उभा राहून सगळ्यांकडं पाहत होता, कान लाल झालेले.

शैलाबाईही हसल्या, पण मग जवळ येऊन म्हणाल्या, "केशवकाका, माझं उलटं झालंय बघा. नऊवारीत मला चालता येत नाही, मी सायकल मारल्यासारखी चालते असं मास्तर म्हणतात. आधी मला शिकवा. तुमचं होईल."

केशवनं शिकवायला सुरुवात केली. नऊवारीत पाऊल कसं टाकायचं, रडताना चेहरा पदरात न लपवता तसाच लोकांकडं कसा ठेवायचा, मागच्या रांगेतल्या माणसाशी बोलतोय असं समजून आवाज पोटातून कसा काढायचा. शैलाबाई एकदा सांगितलं की उचलायच्या, आणि वर स्वतःचं काहीतरी घालायच्या. त्यांची कावेरी केशवच्या बायांसारखी मऊ नव्हती. ती मान ताठ ठेवून रडायची. ते पाहून केशवच्या अंगावर काटा यायचा. आपण असं कधी केलं नव्हतं, हे त्याला कळायचं, आणि वाईट वाटण्याऐवजी त्याला ओरडून सगळ्या गावाला सांगावंसं वाटायचं. फक्त स्वतःचा प्रवेश आला की तो पुन्हा पदर सावरायचा.

घरी त्याची बायको पुष्पाबाई त्याची ही घालमेल पाहत होती. नवऱ्याचं नाटक तिनं कधी पुरं पाहिलं नव्हतं. एकदाच गेली होती, आणि नवरा आपल्यापेक्षा चापूनचोपून लुगडं नेसतो हे सगळ्या बायकांसमोर दिसल्यावर मधूनच उठून आली होती. एका संध्याकाळी केशव चुलीपुढं कपाळाला हात लावून बसलेला पाहून ती म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात? घरात चालता तसं चालायचं."

"अगं, पर घरात मी कसा चालतो तेच मला ठावं न्हाई!"

पुष्पाबाईनं भाकरीचं पीठ हातावरून झटकलं. खुंटीवरची त्याची टोपी काढून डोक्यावर ठेवली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर अडकवला, मापाची पट्टी गळ्यात टाकली, आणि दाराबाहेर जाऊन पुन्हा आत आली. एक खांदा खाली. उजवा पाय जरा ओढत, दिवसभर मशीन मारून दुखावल्यासारखा. उंबऱ्यात थांबून तिनं धोतर नसतानाही सोगा झटकला, दोनदा खोकली, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अगं, चहा टाकला का? जल्दी कर, गिऱ्हाईक येऊन राह्यलंय."

केशव आधी बघतच राहिला. मग असा हसायला लागला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी असा हाय?"

"लगीन झाल्यापासून बघून राह्यले की."

"पुन्यांदा कर. पुन्यांदा!"

तिनं पुन्हा केलं. या वेळेला केशव तिच्या मागं-मागं चालला. ती खांदा पाडायची, तो पाडायचा. ती खोकायची, तो खोकायचा. "खोकला आधी, बोलणं मंग," ती बजावायची, "तुम्ही कधीच खोकल्याबिगर बोलत न्हाई." शेजारची झुंबरबाई विस्तव मागायला आली, तर दारातच थिजली. टोपी-चष्म्यातली पुष्पाबाई पुढं आणि तिच्या चालीनं चालणारा नवरा मागं, अशी दोघांची वरात घरात फिरत होती. "काय झालं गं बाई यांना?" म्हणून ती विस्तव न घेताच परतली.

दुसऱ्या दिवशी तालमीत केशव उंबऱ्यात थांबला, दोनदा खोकला आणि म्हणाला, "पोरी, घरी चल." कुणी हसलं नाही. रामकिसनच्या पेटीचा सूर आपसूक लागला. मास्तर उठून उभे राहिले, आणि पुन्हा बसले.

मग दिवाळी सरली आणि गावात टांगा फिरला. टांग्यावर भोंगा, भोंग्याशी मंडळाचा माणूस, आणि दोन्ही बाजूंना फलक. शुक्रवारी दुपारी राजकुमारी आणि मंडळी, मारवाडी लग्नगीतं, फक्त बायकांसाठी. शनिवारी औरंगाबादची कव्वाली पार्टी. रविवारी संध्याकाळी लौकर, बाहेरगावच्या पाहुण्यांना शेवटची बस मिळावी म्हणून, नवं कोरं नाटक 'कावेरीचं घर'. "स्त्रीभूमिकेत स्वतः स्त्री कलाकार!" भोंगा गरजला, तसा चौकात पानाच्या ठेल्यावर चुना लावणारा हात थांबला. कुंडलिका नदीच्या पुलावर बैलगाड्या थांबवून लोकांनी टांगेवाल्याला विचारलं, "खरंच बाई का? बिलकुल खरी?"

केशवच्या ओट्यावर तर कामच होईना. जो तो येऊन विचारायचा. "आणि मंग तुम्ही काय करणार, राणीसाहेब?"

"मी तिचा बाप!" केशव सुई दातात धरूनच सांगायचा, आणि छाती अशी फुगायची की समोरचा हसायचा.

शुक्रवारी गोदामाच्या बाहेर बायकांच्या चपलांचा ढीग लागला. अमरचंद शेठची सून राजकुमारी घरात घुंगटाआड असायची. त्या दुपारी तिनं ढोलक मांडीखाली घेऊन असं काही गायलं की सासरे बाहेर गल्लीत उभं राहून ऐकत होते. शनिवारी कव्वालीला जागा अपुरी पडली, खिडक्यांत माणसं बसली. केशव दोन्ही दिवस तिथंच, कुणाला पाणी दे, कुठं पडद्याची दोरी बांध. त्याला झोप येत नव्हती आणि भूकही लागत नव्हती.

रविवारी भोकरदनची बस आली ती टपावर माणसं घेऊन. गोदाम खचाखच भरलं. पहिल्या रांगेत रंगनाथराव, शेजारी अमरचंद शेठ. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून, पुष्पाबाई. केशवनं पडद्याच्या फटीतून तिला पाहिलं आणि पटकन मागं सरला.

पडदा वर गेला. कावेरी तुळशीपाशी बसलेली होती. शैलाबाईंनी मान वर केली, आणि गोदामभर एक लांब 'आँ' उठला. बाई! खरोखरची बाई! मागून दोन-तीन शिट्ट्या आल्या. शेठनी मागं वळून नुसतं पाहिलं, तशा बंद झाल्या. शैलाबाई बोलत गेल्या, आवाज पार शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला, आणि हळूहळू लोक बाई विसरून कावेरी पाहायला लागले.

मग केशवचा प्रवेश आला. फेटा, काळा कोट, हातात काठी. तो उंबऱ्यात येऊन थांबला मात्र, आणि मागच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "राणीसाहेब, पदर सांभाळा!"

सगळं गोदाम हसलं. सतरंज्यांवरून हसण्याची लाट पुढं आली आणि रंगमंचावर आदळली. केशवनं शैलाबाईंकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पहिलं वाक्य त्यांचं होतं, 'बाबा, तुम्ही कसे आलात?' ते काही येईना. ओठ हलले, आवाज नाही. विंगेतून मास्तर कुजबुजत होते, पण त्या हसण्यात काय ऐकू जाणार? पहिल्या रांगेत रंगनाथराव अर्धे उठले होते.

केशवचा डावा हात खांद्याकडं निघाला होता. त्यानं तो थांबवला. खांदा पाडला, सोगा झटकला, सावकाश दोनदा खोकला. त्या खोकल्यानं पुढच्या रांगा शांत झाल्या, मग मधल्या. घाई न करता तो पाय ओढत आला, बाकावर बसला, गुडघे पसरून, काठीवर दोन्ही हात टेकवून, लांबून चालत आलेला थकलेला माणूस बसतो तसा. आणि नाटकात कुठंच नसलेलं वाक्य बोलला, "पोरी, लई दुरून आलोय. आधी तांब्याभर पाणी दे."

शैलाबाईंच्या अंगात जीव आला. त्या वळल्या, कोपऱ्यातल्या माठातून पाणी घेतलं, आणि चार पावलं चालून येईपर्यंत मान पुन्हा ताठ झाली होती. केशवनं तांब्या घेतला, खरोखरचे चार-पाच घोट घेतले, मिशा पुसल्या आणि हळूच मान हलवली. "बाबा," शैलाबाई म्हणाल्या, "तुम्ही कसे आलात?"

गोदामात आता कुणी हसत नव्हतं.

पुढचं केशवला नंतर नीट आठवलंच नाही. कावेरी 'मी येणार नाही' म्हणते तेव्हा बापानं संतापायचं असं मास्तरांनी लिहिलं होतं. तो संतापला, पण ताठ मानेनं रडणारी ती पोरगी पाहून त्याचा राग अर्ध्यात विरला, आणि तो विरताना सगळ्यांनी पाहिला. तो काठी टेकत परत निघाला तेव्हा बायकांच्या बाजूनं हुंदका आला. पुरुषांच्या बाजूनंही आला. पडदा पडला तरी टाळ्या चालूच होत्या. राणीसाहेब म्हणून ओरडणारा रंगपटाच्या दारापर्यंत आला, "केशवराव, माफ करा राव," म्हणाला आणि गर्दीत नाहीसा झाला.

रंगनाथराव आत आले. लेकीसमोर उभे राहिले. म्हणाले, "मागपर्यंत आवाज येत होता." शैलाबाई हसल्या आणि रडल्या. मग ते केशवकडं वळले. "माझा बाप असाच बसायचा बाकावर. कुठून आणलंत हे?"

केशवनं दाराकडं बोट दाखवलं. तिथं पुष्पाबाई उभी होती, पदर डोक्यावर घट्ट ओढून. "मालकिणीकडून," तो म्हणाला.

"काहीबी काय सांगता," पुष्पाबाई म्हणाली. पण डोळे पुसलेले दिसत होते. "पाणी मात्र लई पिलात तुम्ही. समदं गाव थांबलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. कुणाला कावेरीसारखी चोळी हवी होती, कुणाला नुसतं बोलायचं होतं. हाका मारणाऱ्यांनी हाकच बदलली होती, "ओ कावेरीचे बाप, रामराम!" दुपारच्या सुट्टीत शैलाबाई आल्या. त्यांच्यासोबत शाळेतल्याच दोन बाया होत्या, अरुंधतीबाई आणि उषाबाई. दोघी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

"काका," शैलाबाई म्हणाल्या, "यांना पण नाटकात काम करायचंय. मास्तरांना तुम्ही सांगाल?"

"दोघींना?" केशवचा पाय मशीनवरच थांबला.

"आणखी एक आहे, पण ती अजून घरी विचारतेय."

केशवनं चष्मा काढला, परत घातला, दोनदा खोकला, आणि अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच सोडून ओट्यावरून उतरला. "बालकिशन शेठ, जरा मशीन बघा!" म्हणत, टोपी हातातच धरून, तो भर उन्हात मास्तरांच्या शाळेकडं निघाला. त्याच्या मागं त्या तिघी हसत, चपला वाजवत, जवळजवळ पळतच येत होत्या.